तांदूळ नवा नव्हता

आमच्या वास्तुशांतीला आलेल्या ज्या पाहुण्यांनी त्या संध्याकाळी ताटातला मसालेभात बोटाने बाजूला सारला, त्यांतल्या बहुतेकांना आजही वाटतं की मी हलका तांदूळ दिला. केटररने जाता जाता चार जणांच्या कानात तेच सांगितलं. म्हणून आधी तांदळाचं सांगते. तो मावळातला इंद्रायणी होता, मागच्या हंगामातला, बोरिक पावडर लावून आमच्या पिंपात ठेवलेला. वास्तुशांतीच्या आधीही आम्ही घरात तोच खात होतो आणि नंतरही खातोय. कुणाला शंका असेल तर त्यांनी घरी जेवायला यावं, त्या पिंपात थोडा अजून शिल्लक आहे.

आम्ही राहतो त्या पुण्याजवळच्या मांजरीचं आणि उसाचं नातं जुनं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे मांजरी बुद्रुकला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही १९९७ पासून इथलंच. भाताशी मात्र आमचा संबंध ताटापुरता. तांदूळ येतो तो मावळ, मुळशी, भोर या बाजूने. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आंबेमोहोराचा वास आणि मऊपणा त्याच्यात उतरला, आणि चिकटपणाही. हा चिकटपणा गरम भाताला शोभतो. मसालेभात तोंडात विरघळतो तो त्याच्यामुळेच. पण हा तांदूळ हाताळणीला नाजूक असतो, कोलम किंवा बासमतीसारखा काहीही सहन करत नाही. हे ज्याला कळत नाही त्याने दीडशे माणसांचं काम घेऊ नये.

ठरलं होतं असं. दुपारी दीडशे माणसांची पंगत. संध्याकाळी सोसायटीतले शेजारी आणि ह्यांच्या ऑफिसचे लोक मिळून साठ-सत्तर, त्यांच्यासाठी मसालेभात ताजा टाकायचा. सगळं बोलणं तोंडी. केटरर ओळखीतून आलेला, त्यामुळे कागद वगैरे करायचा म्हटलं तर हेच म्हणाले, ‘कशाला, घरचा माणूस आहे.’ घरचा माणूस!

दुपारची पंगत छान झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, भात खरंच चांगला झाला होता. तोंडली कोवळी, गोडा मसाला माझा घरचा, तूप सढळ. पण पौर्णिमेचा मुहूर्त, त्याच दिवशी तीन ठिकाणी कार्यं, त्यामुळे बरेच लोक नुसता प्रसाद घेऊन पुढे गेले आणि दोन मोठी पातेली भात उरला. केटरर म्हणाला, ‘वहिनी, आता संध्याकाळी नवीन टाकायची गरजच नाही. हाच गरम करू.’ अन्न वाया जाऊ नये असं मलाही वाटत होतं. मी म्हटलं, चालेल, पण आत्ता पातेल्यातून काढा, परातीत पसरा, वाफ जाऊ दे, मग फ्रीजमध्ये जाईल तेवढा माझ्या आणि शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवू.

तो हसला. त्याच्या पोऱ्यांकडे बघून हसला, ते मला जास्त लागलं. ‘वहिनी, आमचं आयुष्य गेलं पातेल्यात. झाकण घट्ट घालून वर गोणपाट टाकतो. संध्याकाळपर्यंत गरम राहतो बघा. गॅस वाचतो.’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्याचं सगळं मूळ या वाक्यात आहे.

मी तरी दोन पराती भरून भात वर नेला. वरवरचा नाही, झारा मध्यापर्यंत घालून काढला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यावरूनही बोलणं झालं. समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंच्या जेवणाच्या टेबलावर पराती ठेवल्या, पंखा लावला, दोन बोटं जाडीचा थर केला. वाफ गेल्यावर डब्यांत भरून त्यांच्या फ्रीजमध्ये सरकवला. त्याला अर्धा-पाऊण तास लागला असेल. खाली उरलेल्या भातावर झाकण, झाकणावर गोणपाट, आणि केटररची माणसं सतरंजीवर आडवी.

साडेसहाला मी पार्किंगमध्ये उतरले. एका पातेल्याखाली भट्टी मोठी केलेली. एक पोऱ्या पाण्याचा जार कलता करून गार पाणी सरळ भातावर ओतत होता, आणि दुसरा दोन्ही हातांनी झारा धरून तळापासून घुसळत होता, पिठलं हाटावं तसा. मी ‘अरे, थांब’ म्हणेपर्यंत भाताची खळ झाली होती. तोंडल्यांचे तुकडे त्यात बुडालेले, काजू मोडलेले. पोऱ्याचा दोष नाही, त्याला सांगितलं तेच तो करत होता.

दुसऱ्या पातेल्याला अजून हात लागला नव्हता. त्याखाली विस्तव नाही, काही नाही, दुपारी दोनपासून तसंच झाकलेलं. मी बाहेरून तळवा टेकवला. कोमट. चांगलं कोमट. झाकण उचललं तर आतल्या बाजूने पाणी निथळून भातावर सांडलं. वास आंबूस म्हणता येणार नाही, पण गोड्या मसाल्याचा तर नव्हताच, काहीतरी कुबट. झारा कडेने तळाशी घातला आणि वर काढला, तर शितं झाऱ्याला तार धरून आली.

भात तिथे विटायला लागला होता. आणि तेव्हाच मला सगळं लख्ख दिसलं. बिघाड भट्टीवर झालेलाच नव्हता. तो दुपारी दोन ते साडेसहा झाकणाखाली बसून झाला होता. भट्टीवर त्याचा नुसता बोभाटा झाला.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे नुसती माझी चिडचिड वाटणार नाही. खोल पातेल्यातला भात मधोमध कित्येक तास गरम राहतो. शीत शिजून झालेलं असतं, तरी त्या उष्णतेत ते आणखी पाणी ओढत राहतं, फुगत राहतं. वरच्या भाताच्या वजनाने खालचा दबतो. झाकणावर साचलेली वाफ थेंब थेंब परत भातावर पडते, म्हणजे वरचा थर ओला आणि तळचा गोळा. अशा फुगलेल्या शितांवर गार पाणी घालून झारा फिरवला की शितं फुटतात आणि आतला सगळा स्टार्च बाहेर येतो. इंद्रायणीत हे पटकन होतं, कोलममध्ये जरा उशिरा. पण होतं दोन्हींत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते भात शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. इंग्लंडमध्ये १९७० नंतरच्या काळात चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमधून लोकांना उलट्यांचा त्रास झाल्याची प्रकरणं याच जंतूची. तिथेही चूक परतण्यात नव्हती. उकडलेला भात तासन्‌तास बाहेर राहायचा आणि मग त्याला कढईत फिरवून काढायचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, एक तर साठ अंशांच्या वर गरम ठेवा नाही तर पाच अंशांच्या खाली थंड. गोणपाटाखालचं पातेलं या दोन्हींच्या मध्ये नेमकं जंतूंच्या सोयीचं. ‘संध्याकाळपर्यंत गरम राहतो बघा’ हे जे तो अभिमानाने सांगत होता, ते हेच.

मी म्हटलं, हे दुसरं पातेलं कुणाला वाढायचं नाही. तो माझ्याशी बोललाच नाही. सरळ ह्यांच्याकडे गेला. ‘साहेब, तांदूळ नवा निघाला. नवा तांदूळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मी आधीच कोलम घ्या म्हटलं होतं.’ त्याने कोलम सांगितला होता हे खरं, पण तो त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणायचा म्हणून. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि गिच्च होतो, हेही खरं. जुना तांदूळ सुटा राहतो हे कुणालाही माहीत आहे. पण खरी गोष्ट चुकीच्या जागी वापरली की ती खोटीच होते. हे मान हलवत राहिले. सासूबाई खुर्चीवर बसून ऐकत होत्या, त्यांनी भर घातली, ‘मी म्हणत होते आंबेमोहोर घे.’ त्यांच्यापुढे मी काय बोलणार? आंबेमोहोर तर याहून मऊ. त्याचं त्या पातेल्यात काय झालं असतं ते सांगायला नको.

मी वर गेले आणि ताईंच्या फ्रीजमधले डबे काढले. तोच तांदूळ, तोच मसाला, तेच पातेलं, त्याच केटररच्या हातचा. फरक एवढाच की तो दुपारी अडीचला परातीत पसरला गेला होता. ताईंच्या मोदकपात्रात चाळणीवर फडकं घालून दोन घाण्यांत वाफवला, वरून तुपाची धार सोडली, ओलं खोबरं आणि कोथिंबीर पेरली. शीत न् शीत वेगळं. खाली आणून परात केटररच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता तरी हा गप्प बसेल.

म्हणाला, ‘तो वरचा भात आहे वहिनी. वरचा सुटाच राहतो. खालचा बसतो.’

तळाजवळचा भात जास्त दबतो हे मान्य. पण मी झारा मध्यापर्यंत घातला होता हे त्याने दुपारी स्वतः पाहिलं होतं, तेव्हाच तर कुरकुरला होता, ‘सगळं उकरू नका’ म्हणून. नवीन भात टाक म्हटलं तर गॅस संपला. मग आमच्या मजल्यावरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांनी आपापल्या कुकरमध्ये जिरा राइस लावला. ज्यांच्यासाठी संध्याकाळचं जेवण होतं त्याच शेजारणी स्वयंपाकघरात. दुसरं पातेलं मी टाकायला लावलं. पहिल्या पातेल्यातली खळ मात्र वाढून झाली होती, आणि ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या लेखी तांदूळ माझा. बिलात संध्याकाळचा भात पूर्ण लावला होता. ह्यांनी दिले. ‘जाऊ दे, शुभकार्य आहे.’ जाऊ दे म्हणणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. तो हॉटेल मॅनेजमेंट शिकून सध्या इटालियन जेवण देणाऱ्या हॉटेलात भटारखान्यात आहे. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, ‘मावशी, आमच्याकडे रिसोट्टोचं हेच दुखणं.’ रिसोट्टो म्हणजे त्यांचा चिकट भात, आर्बोरिओ किंवा कार्नारोली जातीच्या तांदळाचा, गरम स्टॉक थोडा थोडा घालत शिजवलेला, शेवटी लोणी आणि चीज. तो ताटात लगेच पसरला पाहिजे, थोडा वेळ थांबला तरी घट्ट होतो. मग गिऱ्हाईक आल्यावर दर वेळी अर्धा तास उभं राहून तो करायचा कसा? तर म्हणे बरीच हॉटेलं तो आधी अर्धवट शिजवतात, दाण्यात कणी असतानाच उतरवतात, मोठ्या ट्रेमध्ये पातळ थर पसरून झटपट गार करतात आणि मागणी आली की गरम स्टॉकमध्ये पुरा करतात. ट्रेमध्ये पातळ थर! मी ह्यांना फोन स्पीकरवर टाकून ऐकवलं.

आणि पूर्ण शिजलेला रिसोट्टो उरला तर? भाचा म्हणाला, मिलानवाले तो परत रिसोट्टो करायला जातच नाहीत. तव्यावर लोण्यात थापतात, दोन्ही बाजूंनी खरपूस करतात, त्याला रिसो अल साल्तो म्हणतात. सिसिलीत भाताचे गोळे करून, आत सारण भरून तळतात. ज्यांचा तो रोजचा पदार्थ आहे त्यांनीच हे मान्य केलंय की पहिला सैलपणा जसाच्या तसा परत येत नाही. तरी घरी गरम करायचाच असेल तर पसरट भांडं, मंद आंच, चमचा-चमचा कढत स्टॉक किंवा पाणी, चमच्याने घोटायचं नाही, बाजूने हलकेच उलटायचं, आणि लोणी-चीज गॅस बंद केल्यावर नव्याने घालायचं. आपल्या मऊ खिचडीलाही हेच लागू होतं, तिथे फक्त चीजऐवजी तूप.

आता मसालेभाताचं, नीट. यातलं काही मला आधीपासून माहीत होतं, काही त्या संध्याकाळनंतर राग राग करत पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

पंगत उठली की आधी भात बघा, मग बाकी आवराआवर. खोल भांड्यातून काढायचा, परातीत किंवा ताटांत दोन बोटं जाडीने पसरायचा, झाकायचा नाही. माशा येतात म्हणून झाकायचाच असेल तर जाळी. वाफ गेली की पसरट डब्यांत भरून फ्रीजमध्ये. गरम भात डब्यात कोंबून वर झाकण लावलं तर फ्रीजमध्येही मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, पातेल्याचाच प्रकार लहान प्रमाणात. ओलं खोबरं भातात कालवायचंच नाही, वाढताना वरून घालायचं. खोबरं आधी विटतं आणि भाताला सोबत घेऊन जातं. आचाऱ्यांना ते भातातच मिसळायची घाई असते, कारण मग भात ताटात भरलेला दिसतो.

फ्रीजमधला भात कडक होतो म्हणून लोक घाबरतात आणि पाणी ओततात. तो वाळलेला नसतो, त्यातला स्टार्च पुन्हा आवळून बसलेला असतो. फ्रीजच्या गारव्यात हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. चांगली गरम वाफ मिळाली की तो परत सैल होतो. म्हणजे त्याला हवी असते उष्णता. पाणी लागतं ते फक्त वाफ होण्यापुरतं. चार वाट्या भाताला पाव वाटी पुरे, तेही कढत आणि हाताने शिंपडून. गार पाणी शितांच्या बाहेरच राहतं आणि वरचा थर चिकट करून ठेवतं. गार भाताच्या ढेपा चमच्याने फोडू नका, शितं तुटतात. ओल्या बोटांनी सैल करा, किंवा तशाच राहू द्या, वाफ लागली की अर्ध्या आपोआप सुटतात.

वाफवणं सगळ्यात उत्तम. मोदकपात्र असेल तर चाळणीवर ओलं फडकं, त्यावर भात हलक्या हाताने पसरलेला, दाबायचा नाही. आणि झाकणाला आतून कोरडं फडकं बांधायचं, म्हणजे थेंब भातावर पडत नाहीत. हे कुणी सांगत नाही. मला त्या पातेल्याच्या झाकणाने शिकवलं. आठ-दहा मिनिटं पुरतात. मोदकपात्र नसेल तर कुकरच्या डब्यात, डब्यावर झाकण, कुकरची शिटी काढून. थोडाच असेल तर जाड बुडाचं भांडं, खाली तवा, कडेने चमचाभर तूप, वर घट्ट झाकण आणि मंद आंच. मध्ये एकदाच उलथन्याने तळचा वर करायचा. सारखं झाकण उघडून बघणाऱ्यांचा भात कधीच नीट गरम होत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर भात ताटलीच्या कडेने गोल लावा, मध्ये मोकळी जागा ठेवा, वर ओला कागदी रुमाल, आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसाच राहू द्या. मधोमध हात लावून पाहा, तिथेही वाफ निघाली पाहिजे.

चव परत आणावी लागते, कारण गोड्या मसाल्याचा वास बराचसा वाफेबरोबर गेलेला असतो. पळीभर तूप गरम करायचं, गॅस बंद करायचा, चिमूटभर गोडा मसाला त्यात टाकायचा आणि ते तूप वाफवून झालेल्या भातावर सोडायचं. मोहरी-हिंगाची नवी फोडणी मात्र नको, मग तो मसालेभात राहत नाही. लिंबू ताटात. फोडणीच्या भाताला साधा पांढरा भात घ्यावा, रात्रीचा, फ्रीजमध्ये कडक झालेला. तिथे तो कडकपणाच कामाला येतो, शितं कढईत सुटी राहतात. ताज्या इंद्रायणीचा फोडणीचा भात करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, त्यांचं त्यांना लखलाभ.

एकदा गरम केलेला पुन्हा ठेवू नका, लागेल तेवढाच काढा. दुसऱ्या दिवशीच संपवा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पिशवीत चपटा करून फ्रीजरमध्ये, तिथे तो फ्रीजइतका कडक होत नाही, आणि गोठलेलाच थेट वाफेवर ठेवा. भांडी स्वच्छ, चमचा कोरडा, हात धुतलेले, हे सगळ्यांना माहीत असतं. वास बदलला किंवा तार आली तर चाखून बघायची गरज नाही. पण वास आला नाही म्हणजे भात चांगला, असंही नाही, ते विष वासाला येत नाही. भात किती वेळ कोमट पडून होता, एवढंच विचारायचं. आमच्या नात्यातल्या एक काकू अजून म्हणतात, श्रावणात शीतला सप्तमीला आपण शिळंच खातो की, काय होतं? त्यांना सांगितलं, तो स्वयंपाक टिकेल असा बेतून आदल्या दिवशी केलेला असतो, गोणपाटाखाली दडपलेला नसतो. पटलं नाही त्यांना.

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी केटररशी हे आधी बोलून, कागदावर लिहून घ्यावं. उरलेला भात कुणाचा, तो दोन तासांत पसरायचा कुणी, पराती किती, संध्याकाळचा भात ताजा की दुपारचा, दुपारचा असेल तर त्याचे पैसे कसे. तांदूळ तुम्ही देणार असाल तर त्याच्या समोर वाटीभर शिजवून दाखवा, म्हणजे नंतर ‘नवा निघाला’ म्हणायला तोंड राहत नाही. गॅसचं सिलिंडर जास्तीचं आहे का तेही बघा. आणि पैसे देणारा आणि स्वयंपाक समजणारा ही दोन वेगळी माणसं असतील, तर केटररने कुणाशी बोलायचं ते पहिल्याच दिवशी सांगा.

मुलाच्या साखरपुड्याला मी हा कागद करून ठेवला. महादेवनगरच्या एका केटररने वाचला आणि म्हणाला, ‘एवढं आमच्याच्याने व्हायचं नाही, काकू.’ निदान सरळ बोलला. शेवाळवाडीचा दुसरा आला, त्याने फक्त परातींची ओळ पुन्हा वाचली आणि जास्तीच्या सहा परातींचं भाडं वेगळं लागेल म्हणाला. मी घासाघीस केली नाही.